पाहिलेले चित्र, काढलेले चित्र

मित्रांनो, आधी माझ्यावरचे हे कापड बाजूला करा. हं, आता दिसलो ना? या कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेतला सर्वांत जुना संगणक तो मीच. माझा पडदा आताच्या पडद्यांसारखा सपाट नाही, मागे चांगला फुगलेला आहे. माझा पंखा सुरू झाला की चढावर रिक्षा दमल्यासारखा आवाज येतो. कळफलकावरचे 'क' हे अक्षर तर कधीच पुसले गेले. तरीही मी चालतो, आणि माझे आयुष्य मोठ्या समाधानात गेले आहे. कसे, ते ऐका.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पडदा एका देशातला, माहिती साठवणारी तबकडी दुसऱ्या देशातली. वसई रोड स्टेशनजवळच्या एका दुकानात हे सगळे भाग एका पेटीत बसवले गेले आणि एका दुपारी रिक्षात घालून मला इकडे, उमेळ्याच्या बाजूला, या कॉलेजात आणण्यात आले. तेव्हा खिडकीबाहेर चिकूची वाडी होती. पलीकडून गजऱ्यासाठी मोगरा तोडणाऱ्या बायकांचे बोलणे ऐकू येई.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक जड लोखंडी पाट होता. त्यावर तीन-चार आरसे, लेसरची एक नळी आणि कॅमेरा घट्ट बसवलेला. या यंत्राचे पुस्तकी नाव व्यतिकरणमापी. नाव घेताना जीभ अडखळते, पण त्याचे काम समजायला सोपे आहे. लेसरचा किरण एका अर्धवट आरशावर पडतो. अर्धा प्रकाश आरपार जातो, अर्धा वळतो. दोन्ही भाग वेगवेगळ्या वाटांनी फिरून पुन्हा एकत्र येतात आणि पडद्यावर काळे आणि उजळ पट्टे उमटतात. आता एका वाटेत काच ठेवा, पाणी ठेवा, नाहीतर नुसती गरम हवा येऊ द्या. त्या वाटेवरच्या प्रकाशाची चाल बदलते आणि पट्टे वाकतात, सरकतात. जे आपल्या डोळ्यांना आरपार दिसते, म्हणजे दिसतच नाही, ते या पट्ट्यांत सापडते.

यंत्र एकच आणि मुले पुष्कळ. कोणाचे कोपर लागे, कोणाची बॅग आपटे आणि आरसे हलत. ते पुन्हा जुळवण्यात अख्खा तास जाई. यावर सालोमी मॅडमनी उपाय शोधला. या मॅडम आगाशीच्या, केळीच्या वाडीतून आलेल्या. बोलणे कमी आणि चिकाटी दांडगी. एका नाताळच्या सुट्टीत, घरात करंज्या तळल्या जात असताना, त्या इथे माझ्यासमोर बसून आज्ञावली लिहीत होत्या. तिच्यामुळे मी त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करायला शिकलो. आरसे इतके तिरपे आहेत, काच इतकी जाड आहे, पाण्यात इतके मीठ आहे असे मला सांगायचे. मग प्रकाश कसा जाईल याचे गणित मी करायचो आणि पट्ट्यांचे चित्र पडद्यावर काढायचो. मुलांनी खऱ्या यंत्रावरचा फोटो शेजारी ठेवायचा. दोन्ही जुळले तर काचेविषयीचा त्यांचा अंदाज बरोबर. नाही जुळले तर अंदाज बदलून पुन्हा विचारायचे.

मित्रांनो, तो काळ माझ्या कौतुकाचा होता. दुसऱ्या कॉलेजांतले शिक्षक मला पाहायला येत. विभागप्रमुख सुधाकर सर पाहुण्यांना माझ्यापुढे उभे करून म्हणत, 'आमचा हा गडी न पाहता सांगतो.' मलाही तेव्हा वाटे, की आता त्या आरशांची आणि लेसरची गरजच काय? सारे काही मलाच तर काढता येते. ही समजूत किती कच्ची होती, ते मला दिपिकाने दाखवून दिले.

दिपिका चांदीप गावची. घरची भातशेती. तिच्या आजोळची जमीन मात्र खाडीकाठी होती. उधाणात बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि गोड्या पाण्याखाली गुपचूप जाऊन बसते, वरून काहीच कळत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिने हाच विषय निवडला. काचेच्या एका चपट्या, उभ्या डबीत खाली मिठाचे पाणी, वर साधे पाणी. ते एकमेकांत किती वेगाने मिसळते, हे पट्ट्यांवरून मोजायचे. तिच्यासोबत चिराग नावाचा तिचा वर्गमित्र असे. त्याचा प्रकल्प वेगळा होता, पण मन हिच्याच प्रयोगात जास्त रमे.

तिचे काम सुरू झाले आणि त्याच सुमारास खिडकीबाहेरची चिकूची वाडी तोडली गेली. तिथे उंच इमारत उभी राहणार होती. पाया घालण्यासाठी एक अजस्र यंत्र आले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीत खांब ठोकू लागले. माणसांना नुसता आवाज ऐकू येई, पण यंत्रावरचे पट्टे त्या दणक्यांनी असे थरथरत, की कॅमेऱ्यात राखाडी धुरळ्याशिवाय काही येत नसे. संध्याकाळी काम थांबे, तर कॉलेजलाही कुलूप लागे. रविवारीही ठोकणे चालूच. दिपिका रोज येई, पाणी भरी, आरसे जुळवी आणि रोज रिकाम्या हाताने जाई. प्रकल्प सादर करायचा दिवस जवळ येत चालला होता. नापास झाली असती तर वर्ष गेले असते, आणि घरी तिच्या लग्नाचा विषय आधीच निघालेला होता. पोरीला शिकवण्यात आणखी एक वर्ष घालवायला वडील तयार झाले नसते, हे तिने चिरागला एकदा सांगितलेले मी ऐकले होते.

एका दुपारी चिराग तिला म्हणाला, "अगं, या संगणकाच्या सिम्युलेशनचंच चित्र लाव ना. थोडा नॉइज टाक, एक-दोन डाग टाक. फोटोच वाटेल. कोणाला कळणार आहे?"

त्याच्या मनात वाईट काही नव्हते. मैत्रीण बुडते आहे, तिला हात द्यावा, एवढेच त्याला कळत होते. तो गेल्यावर दिपिका माझ्यासमोर बसली. तिने मिठाचे प्रमाण घातले, डबीचे माप घातले. मी चित्र काढले. मग तिने त्यात नॉइजचे बारीक कण पेरले, एका कोपऱ्यात बोटाच्या ठशासारखा डाग टाकला, कडा किंचित धूसर केल्या. चित्र इतके खरे दिसू लागले, की ते माझेच आहे हे मलाही ओळखता आले नसते.

तेवढ्यात सालोमी मॅडम आत आल्या. पडद्याकडे पाहून त्या थबकल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. इतक्या दिवसांत त्यांना मी असे हसताना पाहिले नव्हते. दिपिकाच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मिळाले पट्टे?"

मित्रांनो, माझ्या पंख्याची घरघर सोडली तर खोलीत दुसरा आवाज नव्हता. खांब ठोकणारे यंत्रही नेमके थांबले होते. 'हो' म्हटले असते की सारे सुटले असते. दिपिकाने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "हे मी संगणकाकडून काढून घेतलंय."

मॅडम स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. त्या रागावल्या नाहीत. चित्र इतके बेमालूम आहे की आज्ञावली लिहिणारी मीसुद्धा फसले, म्हणजे तुला पट्टे कसे पडायला हवेत हे पुरते समजले आहे, असे त्यांनी तिला सांगितले. पण पट्टे खरोखर कसे पडतात हे अजून आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, असेही म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "जिथे जमीन हलत नाही अशी जागा माहितीय का तुला?"

दिपिकाने थोडा विचार केला. "आमच्या घरी," ती म्हणाली. "चांदीपला."

सुधाकर सरांनी आधी साफ नकार दिला. असले नाजूक यंत्र कॉलेजबाहेर कसे न्यायचे? पण सालोमी मॅडम त्यांच्या दारात तीन दिवस रोज येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी सही केली आणि जसे नेले तसे परत आणा एवढेच बजावले. मला वाटले, मी मागे राहणार. पण फोटो घ्यायला आणि ताडून पाहायला संगणक लागणारच होता. रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपून मॅडम आल्या. टेम्पोत गाद्या अंथरल्या गेल्या. एका गादीवर तो लोखंडी पाट, दुसरीवर मी. चिराग पूर्ण वाटभर मला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. त्याने सुचवलेली युक्ती दिपिकाने मोडली, याचा त्याला राग नव्हता. उलट थोडे हलके वाटत असावे. खड्डा आला की तो मलाच म्हणे, 'सांभाळ बाबा.'

हायवे ओलांडला, गोंगाट मागे पडला. मी त्याआधी शेत कधी पाहिले नव्हते. दिपिकाच्या घराच्या मागच्या अंगाला भात साठवायची एक खोली होती. सारवलेली जमीन, जाड भिंती, एकच लहान खिडकी. मॅडमनी ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी ट्यूब मागवली. ती अर्धवट हवा भरून जमिनीवर ठेवली, तिच्यावर शहाबादी फरशी आणि फरशीवर यंत्राचा पाट. जमिनीतून काही थरथर आलीच, तर ती ट्यूबमध्येच जिरावी यासाठी. मला भाताच्या पोत्यांवर फळी टाकून बसवले.

लेसर लागला. दिपिकाने आरसे जुळवले. माझ्या पडद्यावर पट्टे उमटले, आणि ते उभे राहिले! अगदी कोऱ्या कागदावर ओढलेल्या रेघांसारखे स्थिर. चिराग श्वासही जपून घेत होता.

इतक्यात दिपिकाची आई, कृष्णाबाई, चहा घेऊन आली. तिने कपांचे ताट त्या फरशीच्या कडेलाच टेकवले, आणि सगळे पट्टे वेड्यासारखे वळवळू लागले. चिरागने कपाळाला हात लावला. मॅडम मात्र हसल्या. चहाची वाफ किरणाच्या वाटेत गेली होती. ताट बाजूला ठेवायला सांगून त्यांनी कृष्णाबाईला जवळ बोलावले. ती डबीतल्या पाण्याकडे पाहून म्हणाली, "निस्तं पानी हाय. त्यात काय बगाचा हाय?"

दिपिकाने आईचा हात धरला आणि किरणाच्या खाली, त्याला न लावता, अलगद तळवा धरून ठेवला. माझ्या पडद्यावर, हाताच्या वरच्या मोकळ्या हवेत, सरळ रेघा हळूच उचलल्या गेल्या. चुलीवरच्या धुरासारख्या त्या वर वर वळत गेल्या.

"ह्यो काय माज्या हाताचा?" कृष्णाबाईने विचारले.

"हो, आई. तुझ्या हाताची ऊब आहे ती."

कृष्णाबाईने हात मागे घेतला. रेघा सरळ झाल्या. मग तिने कोणी न सांगता हात पुन्हा पुढे केला. मित्रांनो, या हाताची ऊब माझ्या कुठल्याही गणितात नव्हती. मला कोणी ती सांगितलीच नव्हती. जे मला सांगितलेले असते तेवढेच मी काढू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आणि खरे सांगतो, त्याचे वाईट वाटले नाही. आपल्याला काय येत नाही हे कळले की मन मोकळे होते.

पण काम अजून संपले नव्हते. डबीत मीठ न घालता नुसते साधे पाणी भरले, तेव्हा पट्टे सरळ यायला हवे होते. ते वाकडे आले. मी सरळ काढत होतो, कॅमेरा वाकडे दाखवत होता. पाणी बदलून पाहिले, आरसे पुन्हा जुळवले, तरी तेच. मध्येच वीज गेली आणि मी खट्कन बंद पडलो. परत आली तेव्हा सकाळपासूनचे निम्मे फोटो माझ्या तबकडीवरून नाहीसे झाले होते. चिराग म्हणाला, की हा संगणक म्हातारा झाला आहे, याचे गणितच चुकत असणार. दिपिकाला तर वाटले, आपणच काहीतरी मूलभूत चुकतो आहोत. ती भाताच्या पोत्याला टेकून बसून राहिली.

मॅडमनी तिला उठवले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तो चुकत नाहीये. आपण त्याला सगळं सांगितलेलं नाही. काय सांगायचं राहिलं, ते शोध."

दिपिका विचार करत राहिली. मग उठून तिने एका नळीने डबीतले पाणी थोडे काढले आणि फोटो घेतला. आणखी थोडे काढले, पुन्हा फोटो. पाणी जसे कमी होत गेले, तशी उरलेल्या पाण्यातली रेघांची वाकही कमी होत गेली. ती एकदम ताठ झाली. तिने डबीच्या भिंतीवरून अगदी हलके बोट फिरवले, जणू तिला ते जाणवणारच होते.

"काचेला पोट सुटलंय," ती म्हणाली.

पाण्याच्या भाराने डबीची काच बाहेर फुगत होती. ती फूग केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकीही नसेल, डोळ्याला कधीच दिसली नसती. दिपिका माझ्यासमोर बसली आणि माझ्या गणितात तिने काचेला तेवढेच पोट दिले. मी रेघ काढली. ती वाकली. खऱ्या फोटोतल्या रेघेवर माझी रेघ अशी बसली, की दोघींच्या मध्ये फट उरली नाही. आता पोटामुळे येणारी वाक वजा करायची आणि उरेल ती मिठाची. त्या आणि पुढच्या रविवारी त्यांनी खारे पाणी गोड्या पाण्यात कसे चढत जाते, ते सारे टिपून घेतले. माझे गणित आणि त्यांचे पाहणे, दोन्ही मिळूनच ते झाले. एकट्याने ते ना मला जमले असते, ना त्या यंत्राला.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना दिपिकाचे फोटो पसंत पडले नाहीत. डाग, धूसर कडा, एका फोटोत तर भाताचे तूस पडलेले. दुसऱ्या विद्यार्थ्यांची चित्रे कशी स्वच्छ होती. तिच्या प्रत्येक चित्राखाली मात्र एक शब्द होता. काहींखाली 'पाहिलेले', काहींखाली 'काढलेले'. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले. कॅमेऱ्यातली ती 'पाहिलेली', संगणकाची ती 'काढलेली', असे तिने सांगितले. काचेच्या पोटाची गोष्टही सांगितली, सुरुवातीला बनवलेल्या चित्राचीही सांगितली. परीक्षक माझ्याजवळ आले आणि त्यांनी तिला स्वतःच्या हाताने काही अंदाज घालून दाखवायला लावले. त्यांनी दिलेला वेळ केव्हाच संपला, तरी ते खुर्ची ओढून बसूनच राहिले. त्या वर्षी दिपिका पहिली आली नाही. पण उत्तीर्ण झाली, आणि घरात लग्नाचा विषय पुढे ढकलला गेला.

त्यानंतर माझे दिवस उतरणीला लागले. सपाट पडद्यांचे नवे संगणक आले. चिराग काचेची भिंगे बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला होता. त्याने सवड काढून मॅडमची आज्ञावली नव्या भाषेत लिहून दिली. आता ती मुलांच्या मोबाईलवरही चालते. बोट फिरवले की आरसा हलतो आणि पापणी लवायच्या आत पट्टे बदलतात. मला कोपऱ्यात सरकवले गेले. माझ्यावर छत्र्या वाळल्या, डबे ठेवले गेले, एका पावसाळ्यात माझ्यामागे पालीने घर केले. सालोमी मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा जाता जाता त्यांनी आपल्या रुमालाने माझा पडदा पुसला. शेवटी मला भंगारात काढायचे ठरले. मी मनाची तयारीही केली होती. आपले काम दुसऱ्या कोणाच्या हाती नीट चालले आहे, हे डोळ्यांसमोर दिसत असताना जायला फारसे जड जात नाही.

मला अडवले ते दिपिकाने. हो, तीच आता इथे शिकवते. मुले तिला दिपिका मॅडम म्हणतात. तिने मला ठेवून घेतले, ते दयेपोटी नाही हो. नव्या यंत्रांवर चित्र क्षणात येते, त्यामुळे मुलांना वाटते ते कुठेतरी आधीच तयार होते. मी मात्र हळू आहे. वरून खाली एकेक ओळ मोजतो आणि एकेक ओळ काढतो. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी काहीतरी गृहीत धरले आहे, प्रत्येक ओळ चुकू शकते, हे माझ्या पडद्यावर मुलांना दिसते. म्हणून दरवर्षी नवा वर्ग आला की पहिल्या दिवशी माझ्यावरचे कापड निघते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी माळ्यावर पडले असेल. त्याची धूळ पुसा, एकदा सुरू करून पाहा, आणि अगदीच उपयोगाचे नसेल तर योग्य जागी सोपवा. खाडीच्या कडेला फेकू नका. आमच्या पोटात शिसे असते. पावसात ते पाण्यात उतरते आणि वरून पाणी नितळच दिसत राहते. आणि तुम्ही आमच्याकडून कितीही सुंदर चित्र काढून घेतलेत, तरी त्याच्याखाली खरे काय ते लिहायला विसरू नका. ते लिहिणे आम्हाला येत नाही. ते तुम्हालाच करावे लागते.

बघा, पलीकडच्या बाकावरची मुलगी उठून आली. तिने काचेची जाडी घातली. माझा पंखा घरघरतो आहे, मागची मुले माना उंचावत आहेत. पहिली ओळ उमटली. दुसरी येते आहे. थोडे थांबा.